पानावर बसून राहिलेले पाहुणे

मित्रांनो, विणलेला पांढरा रुमाल अंगावर घेऊन बसलेला मी एक जुना संगणक आहे. नगर जिल्ह्यात, पाथर्डीच्या पुढे डोंगराकडेच्या एका गावातल्या वाचनालयात माझा मुक्काम असतो. आधी मी भिंगारच्या एका ऑफिसात होतो. तिथे नवे संगणक आले आणि मी गोधडीत गुंडाळून, टेम्पोतून इकडे आलो. आल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला, मला हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू अजून माझ्या कीबोर्डात अडकलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

गावातली बरीच माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शेजारच्या भागूबाईंची सून सुरेखाही जाते आणि तिची छोटी पूजा आजीजवळ राहते. यंदा निघण्यापूर्वी सुरेखाने माझ्यासमोर बसून लेकीसाठी गोष्टी बोलून ठेवल्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एकच वाक्य, "झोप आता, बाई माझी. गुढीपाडव्याला येते." रोज संध्याकाळी आजी-नात यायच्या. पूजा माझ्या स्पीकरला गाल लावून ऐकायची. ऑफिसात मी ढीगभर पत्रं टाइप केली, पण असं मला कुणी बिलगलं नव्हतं.

माझं दुखणं मात्र वेगळंच होतं. मला धड झोपता येईना. गाणी उतरवताना, लग्नपत्रिका बनवताना पडद्यावर कुणीतरी विचारायचं, 'हेही घेऊ का?' आमच्या गावाला नाही म्हणायचं जिवावर येतं, त्यामुळे सगळे 'हो' दाबून मोकळे व्हायचे. असे किती प्रोग्रॅम माझ्या पोटात शिरले! मी जागा झालो की तेही आपोआप उठायचे आणि पडद्यामागे ठाण मांडून बसायचे. संध्याकाळी लॉग ऑफ केलं की मी विचारायचो, 'काही प्रोग्रॅम अजून चालू आहेत. तरीही बंद करू?'

आमचे ग्रंथपाल काकासाहेब फार भिडस्त. "जेवत्या मानसाला पानावरून उठवायचं न्हाई," असं म्हणून ते बोट मागे घ्यायचे आणि वाट बघत बसायचे. मग कुलूप लावायची वेळ झाली की भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद करायचे. एकाला उठवायला लाजणारा माणूस सगळी पंगतच उधळून लावायचा! एका संध्याकाळी त्या खटक्यात सुरेखाची कोल्ह्याची गोष्ट बिघडली. दुसऱ्या दिवशी कोल्हा विहिरीत पडला आणि आवाज तिथेच थांबला. पूजा रडली नाही. पुढचं ऐकू येईल म्हणून गाल लावून तशीच बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

वाचनालयाचे अध्यक्ष रामहरी म्हणाले, "लई जुना झालाय ह्यो. सोमवारी टेम्पोत घालून नगरला धाडू. समदं पुसून नवं टाकत्याल."

"पुसू नका, अण्णा," भागूबाई कळवळून म्हणाल्या. "माझ्या सुनंचा आवाज हाय त्यात. पोरीनं पाडव्यापतूर काय ऐकायचं?"

रविवारी काकासाहेबांची पुतणी रुपाली सुट्टीला आली. ती नगरला, सावेडीत संगणक शिकवते. आधी तिने उरलेल्या गोष्टी आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. पण भागूबाईंकडे साधा बटणांचा मोबाईल, त्या वाजवणार कशावर? मग रुपालीने आपोआप उठणारे निम्मे प्रोग्रॅम थांबवले आणि लॉग ऑफ करून पाहिलं. पुन्हा अडलं. मग उरलेल्यांतले निम्मे थांबवले.

"काका, कामाचं तेवढं आधी सेव्ह करायचं," ती म्हणाली. "बाकीचे हे जेवत नाहीत. पानात काही नसताना नुसतेच बसून राहिलेत."

शेवटी अडवणारा सापडला. तो रोज संध्याकाळी आरतीची घंटा वाजवणारा प्रोग्रॅम होता, आणि तो काकासाहेबांनीच हौसेने घेतला होता.

"म्हंजे मीच वाट अडवून बसलो व्हतो व्हय?" काकासाहेब म्हणाले. मग रुपालीला बाजूला सारून त्यांनी स्वतःच तो काढून टाकला. भिंतीवरच्या बटणाला हात न लागता त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो. सोमवारचा टेम्पो माझ्याविना गेला. घंटा आता काकासाहेब हातानेच वाजवतात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. विचारेल त्या प्रत्येकाला 'हो' म्हणू नका. पडद्यामागे कोण बसलंय ते अधूनमधून बघा. आणि आम्ही निरोप घ्यायला वेळ लावला, तर खटका दाबण्याआधी का अडलोय ते एकदा शोधा. आमच्या पोटात कुणाचं काय ठेवलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही.

गुढीपाडव्याला सुरेखा आली. पूजाने तिला हाताला धरून थेट माझ्यासमोर बसवलं आणि बिघडलेली गोष्ट पुन्हा बोलायला लावली. कोल्हा एकदाचा विहिरीतून बाहेर आला. सवयीने सुरेखा म्हणाली, "झोप आता, बाई माझी. गुढीपाडव्याला..." आणि अडखळली.

"आलीस की!" पूजा म्हणाली. तिने आईचा हात न सोडता मला लॉग ऑफ केलं, आणि मी लगेच झोपलो.