मध्यंतरानंतरचा अर्धा

पुढचा दात किंचित वाकडा बसला होता – करंगळीच्या नखाएवढा, गुलाबी मेणात रुतलेला – आणि तो सरळ करावा की राहू द्यावा, हे तिला ठरवता येईना. कवळी एका आजोबांची. त्यांच्या जुन्या फोटोत तो दात असाच तिरका होता; सरळ केला तर हसू दुसऱ्याच कुणाचं तरी दिसायचं...

"ताई, दाताशी काय बोलत बसलात? आज तुमची पाळी," साचेवाली म्हणाली.

कवळ्या बनवायच्या त्या खोलीत तिघंच कामाला. हात गुंतलेले असले तरी तोंडं मोकळी, म्हणून रोज एकाने आपला लाडका सिनेमा सांगायचा, का आवडतो तेही सांगायचं, असा पायंडाच पडला होता. तिने सांगितला – तिचा एकच तर होता. मध्यंतराला त्यातली बाई बॅग उचलून घराबाहेर पडते, आणि शेवटी परत येते. दार नुसतं लोटलेलं. नवरा ओट्याशी, पाठमोरा. वळतही नाही. म्हणतो, चहा निवला तुझा, दुसरा टाकू?

"बस, एवढंच. ना माफी, ना रडारड. म्हणून आवडतो."

पॉलिशवाल्या भाऊंनी यंत्र बंद केलं. "ताई, ती परत येत नाही."

"येते की."

"अहो, तीनदा बघितलाय मी. एकदा बायकोबरोबर, दोनदा नीट. ती जाते ती जातेच. शेवटी तो रिकाम्या घराला कुलूप घालतो, संपला सिनेमा. चहाबिहा काही नाही."

"ताईंनी घरचा शेवट जोडलाय," साचेवाली हसली.

तीही हसली. हसू तोंडावर तसंच राहिलं, मेणात बसवल्यासारखं.

कारण तो शेवट तिने पाहिलाच नव्हता. मूल तेव्हा अंगावरचं, अंधारात भोकाड पसरायचं, म्हणून तिने आणि नवऱ्याने वाटणी केली होती – मध्यंतरापर्यंत ती आत, तो बाहेर, मूल खांद्यावर, मग अदलाबदल. एकाच तिकिटावर. थिएटरच्या दारावरचा माणूसही ओळखायला लागला होता. आणि घरी जाताना एकमेकांना आपापला अर्धा सांगायचा. तो मुलखाचा घुम्या – त्याचा अर्धा कोपऱ्यावरच संपायचा, 'मारामारी झाली, मग लग्न.' त्या दिवशी मात्र घर येईपर्यंत बोलत होता. लोटलेलं दार, ओटा, पाठ, चहा... तिला वाटलं होतं, काय सिनेमा असेल!

आणि तेव्हा माळ्यावर, गाद्यांच्या मागे, तिची बॅग भरलेली होती. तिचे कपडे, मुलाची दुपटी. कुणालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ती उपसली, एकेक घडी कपाटात परत ठेवली – सिनेमातल्या एका बाईच्या भरवशावर.

कुणालाही माहीत नव्हतं?

चहा निवला तुझा, दुसरा टाकू – हे तर तो रोज सकाळी म्हणतो. मला वाटायचं, सिनेमातून उचललंय. चिडवलंही होतं मी त्याला, हिरो म्हणून. तो नुसता गाळणं धूत राहिला होता...

म्हणजे फसवलं? की अडवलं? की त्याला जमेल तशी विनवणी होती ती? राग यावा म्हणून ती थांबून राहिली, येईना. रडूही नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि पाय धप्पकन जमिनीवरच आदळावा, तसं काहीतरी अंगभर. मध्यंतराला मूल हातात घेताना तिने त्याला घाईघाईने सांगितलं होतं, "ती घर सोडून निघालीय." तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं होतं. कसं पाहिलं होतं? तेवढंच आठवेना. इतकी वर्षं एका ताटात जेवावं तसं जगलो, आणि तेवढंच...

"ताई, मनाला लावून घेऊ नका. सिनेमाच तो," भाऊ म्हणाले.

"नाही हो," ती म्हणाली. तो दात तिने होता तसाच राहू दिला. यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. संध्याकाळी त्याला विचारावं... विचारलं तर तो काय सांगेल, आणि सांगेल ते खरं कशावरून – आणि न विचारताच उद्या सकाळी त्याने कप पुढे केला, तर तो घेणारी मी कोण, राहिलेली की ठेवून घेतलेली?

थिएटरच्या बंद दाराबाहेर ती उभी होती, मूल खांद्यावर, झोपलेलं, जड. आत तिचाच सिनेमा चालू होता. आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.