चौकातली होडी

मी होडी बोलतेय. पाण्यातली नाही, चौकातली. सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी आवळलेली, निळ्या-सोनेरी ऑइलपेंटनं रंगवलेली. असला भडक रंग माझ्या नावाड्यानं मला जन्मात लावला नसता.

त्यानंच मला स्वतःच्या हातानं बांधलं. नदी म्हणजे दोन देशांची हद्द, पण आमच्या लेखी ती नुसती नदीच होती. सकाळी भाजीच्या टोपल्या भरून पलीकडे न्यायच्या, संध्याकाळी रिकाम्या घेऊन यायचं. त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन पलीकडे गेली तीही माझ्यातूनच. ती हुंदके द्यायला लागली तसा तो म्हणाला, "रडून आणखी पाणी घालू नकोस गं, होडी आधीच भरलीय." पलीकडे उतरल्यावर तिनं ओरडून सांगितलं, "बाबा, न्यायला या हं! वाट बघतेय."

मग दोन्हीकडच्या मोठ्या लोकांचं बिनसलं आणि युद्ध पेटलं. कशावरून, ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. पूल उडवला गेला. दोन्ही लष्करांनी आपापल्या काठच्या होड्या जाळून टाकल्या. जखमींना आणायला म्हणून मला तेवढं ठेवलं. मी आमची माणसं वाहिली, आणि पाण्यात तडफडणारी त्यांचीही वाहिली. बुडणाऱ्याचा गणवेश बघत बसायची माझ्या नावाड्याला सवय नव्हती.

युद्ध थांबलं आणि आमच्या काठचे एक नेते उगवले. लढाईभर ह्या साहेबांचं नखसुद्धा कुणाला दिसलं नव्हतं. त्यांनी मला उचलून नदीकाठच्या ह्या चौकात आणलं आणि खाली पाटी ठोकली, 'शत्रूला बुडवणारी वीर नौका'. खोटं! धडधडीत खोटं! मी आयुष्यात कुणालाही बुडवलेलं नाही. पण माझ्या शेजारी उभं राहून भाषणं ठोकत साहेब निवडून आले. पुढं पावसाचं पाणी साचून डास व्हायला लागले, म्हणून माझ्या तळाला चार भोकं पाडली. होडीच्या तळाला भोकं! आणि लाज कुणालाच वाटली नाही.

परवा तह झाला. ह्याच साहेबांनी पलीकडच्या साहेबांना कडकडून मिठी मारली. नदी खुली झाली. ज्याच्याकडे होडी असेल त्यानं खुशाल जावं. साहेब माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते, तिथं नावाडी धापा टाकत आला.

"साहेब, माझी होडी द्या. लेकीला आणायचंय. नवी बांधीन म्हटलं तर काठावर एक झाड उरलेलं नाही, सगळी खंदकांत गेली."

"काका, ही आता देशाची ठेव आहे," साहेब हसून म्हणाले. "तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

"अभिमानात बसून नदी ओलांडता येत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो लाकडी खुंट्या आणि डांबराचा डबा घेऊन आला. सगळ्यांच्या देखत माझ्यात चढला आणि एक भोक बुजवलं. दुसऱ्याला हात घातला, तेवढ्यात पोलीस आले. स्मारकाची नासधूस केली म्हणून माझा बांधणारा आज कोठडीत आहे.

भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांनो, मला हार नकोत. त्याला सोडवा, माझी उरलेली भोकं बुजवा आणि मला पाण्यात लोटा. लवकर करा. पलीकडच्या काठावर रोज एक बाई येऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघून हात हलवते. होडी दिसतेय म्हणजे बाबा निघालेच, असं तिला वाटत असेल.