पिवळ्या ओळी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. यादीत रिकामी चौकट दिसली की माझं डोकं फिरतं. धंदाही तसाच निवडलाय. दुकानाची जुनी यादी उचलायची, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन बसवायची आणि कुठला रकाना कुठे जाईल याचे नियम लिहायचे. 'मोबाइल' असेल ते 'फोन'मध्ये जाईल, पत्त्याचे दोन तुकडे एक होतील, नाव दोनदा आलं तर जुनी नोंद गळेल. नियम नीट बसले की हजार नावं चहा संपायच्या आत पलीकडे जातात.

या वेळचं दुकान बाळांच्या सामानाचं होतं. पाळणे, दुपटी, बोटभर लांबीचे बूट. गरोदर बाया खरेदीला आल्या की काउंटरवरच्या ताई नाव, फोन आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख लिहून घ्यायच्या. बाळ झालं की फोन करून जन्मतारीख भरायच्या. मग पहिल्या वाढदिवसाला शुभेच्छा आणि बुटांचं कूपन जायचं. बारा वर्षं ताई हे एकट्याने करत होत्या. मालकांना आता ते आपोआप व्हायला हवं होतं.

यादी उघडली आणि माझा पारा चढला. जन्मतारखेचा रकाना कितीतरी ठिकाणी रिकामा, वर काही ओळी उगाच पिवळ्या रंगवलेल्या. ताईंना विचारायला हवं होतं, पण त्या गिऱ्हाइकात गुंतल्या होत्या, आणि मला माणसांना विचारण्यापेक्षा नियम लिहिणं सोपं जातं. मी लिहिला: जन्मतारीख नसेल, तर डॉक्टरांची तारीखच धरावी. चार-आठ दिवस इकडे तिकडे, कोण बघतंय. स्वतःवर खूश होऊन मी चाचणी म्हणून, या आठवड्यात ज्यांच्या तारखेला वर्ष होत होतं अशा पहिल्या दहा जणींना संदेश पाठवूनही दिले.

दुपारी ताई डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "पिवळा रंग कुठे गेला गं?"

रंग येत नाही, अक्षरं आणि आकडेच येतात, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात समजावलं. वर ऐकवलंही, "ओळी रंगवत बसण्यापेक्षा तारखा भरल्या असत्यात तर बरं झालं असतं."

ताई रागावल्या नाहीत. "ज्यांचं बाळ राहिलं नाही, त्यांची ओळ मी पिवळी करते. त्यांना फोन करायचा नाही, काही पाठवायचं नाही. पुन्हा दुकानात आल्या तर 'पहिलंच का' म्हणून विचारायचं नाही."

"मग तसं लिहायचं ना, ताई."

"काय लिहू? मला नाही लिहवलं."

मला ते दहा संदेश आठवले. जुनी फाइल काढून दहा नावं ताडून पाहिली. नऊ पांढरी होती, सातवी पिवळी. 'बाळाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पहिल्या पावलांसाठी बूट आमच्याकडून.' संदेश जाऊन दोन तास झाले होते आणि तो वाचला गेल्याची खूणही आली होती.

नाव बघून ताईंनी डबा बाजूला ठेवला. "ही होय. आठवा महिना होता. पाळणा स्वतः परत घेऊन आली. मालक म्हणाले, वापरलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं, वापरलाय कुठे." मग म्हणाल्या, "आता समोरच्या फुटपाथने जाते. मी काचेतून बघते. हात करायचा धीर होत नाही."

आधी मी तो नियम काढला. मग पिवळ्या ओळी एकेक करून शोधल्या, चौतीस निघाल्या, आणि नव्या यादीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला. मालक म्हणाले, नाव 'रद्द' द्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने गोदामात गेले. 'संपर्क नको' असं नाव दिलं आणि तिथे 'हो' असेल तर काहीही जाणार नाही, हा नियम सगळ्यांच्या वर बसवला.

उरली ती सातवी. "मी करते फोन, मला ओळखते ती," ताई म्हणाल्या.

"नको. घाण मी केली, निस्तरायचीही मीच." बोलले आणि नंबर लावला.

बाईंनी फोन उचलला. नियम आणि रकान्यांच्या आड न लपता मी सांगितलं, की तो संदेश माझ्या हातून गेला, माफ करा. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"भांडायला निघाले होते," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत गेले आणि परत बसले."

"अजूनही या. हक्क आहे तुमचा."

"ते कूपन कधीपर्यंत चालतं?"

मी गोंधळले. "महिनाभर."

"मग नाही जमायचं. अजून पाच महिने आहेत. आणि बूट घालायला वर एक वर्ष."

मला आधी उमगलंच नाही. मग मी मनातल्या मनात महिने मोजले.

"कुणाला सांगितलं नाहीये," त्या म्हणाल्या. "आईलासुद्धा नाही. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, मग सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. तुमची ओळख नाही, म्हणून बोलून गेले. कुठे लिहू नका. आणि ताईंना सांगू नका, त्या आजच दुपटं काढून ठेवतील." एवढं बोलून त्या हसल्या.

फोन ठेवला तर ताई समोरच उभ्या. "काय म्हणाली? फार लागलं का तिला?"

एका वाक्यात त्यांचं वर्षभराचं ओझं उतरलं असतं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. "रागावल्या होत्या. आता बऱ्या आहेत."

"बरी आहे म्हणाली?"

"हो, ताई."

मग मी त्या बाईंच्या कूपनची मुदत दोन वर्षांनी वाढवली. कारण भरल्याशिवाय ते होत नाही. मी 'माझी चूक' असं लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

ताई मागून बघत होत्या. "दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. मी मान वर केली नाही. पण बारा वर्षं गरोदर बायांच्या तारखा लिहिणाऱ्या बाईला महिने मोजायला कितीसा वेळ लागणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या दुपट्यांच्या कप्प्याकडे गेल्या.