राखेत निजलेली पहार

मिस्त्रींनी माझ्या टोकावर हातोडी मारली आणि मी बद्द वाजले. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. पहारीला बोलता येत नाही, तसे खोटे वाजताही येत नाही. अंगात कुठे पोकळी राहिली की तिचा नाद विझतो. दुकानातल्या तिघांनाही हे ठाऊक होते: वेल्डिंग करून माझे टोक भरणाऱ्या मिस्त्रींना, ग्राइंडरपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला, आणि खाणीत दगड फोडणाऱ्या माझ्या मालकाला.

"चालेल हो मिस्त्री," मालक शेवटी म्हणाला, "दगडाला कुठे गाणं कळतंय?"

कुणी हसले नाही. पोकळ टोक फुटले तर त्याची कपची आधी त्याच्याच डोळ्याकडे झेपावणार होती. मिस्त्रींनी त्याला उद्या यायला सांगितले आणि ते जेवायला घरी गेले.

तेवीस वर्षे मी खाणीत राबले. दगड माझे टोक कणाकणाने खात गेला, आणि दर खेपेला मिस्त्रींनी वितळत्या धातूचे थर चढवून ते पुन्हा उभे केले. भरून झाले की ते मला राखेच्या पेटीत पुरत. "पाण्यात बुडवलीस तर तडकेल," ते मुलीला सांगत, "तापलेल्याला सावकाश निवू द्यावं." त्या उबदार अंधारात मला स्वप्ने पडत. मी पुन्हा डोंगराच्या पोटातली तांबूस माती असे. मला टोक नसे, नाव नसे, आणि माझ्यावरून कुठले तरी पाणी अगदी हळू झिरपत असे.

पण वेल्डिंगच्या ज्या उजेडाने मला पुनःपुन्हा घडवले, त्यानेच मिस्त्रींची नजर नेली. ठिणगी त्यांना दुहेरी दिसू लागली. मुलीला त्यांनी भंगाराच्या तुकड्यांवर सगळे शिकवले होते. गिऱ्हाइकाच्या हत्याराला मात्र हात लावू दिला नव्हता. आपला हात थांबेल त्या दिवशी काळ्या काचेचा मुखवटा तुझा, असे ते म्हणत, आणि विषय तिथेच मिटे.

त्या दुपारी मिस्त्री जेवायला गेले असताना तिने तो मुखवटा खुंटीवरून न विचारता काढला. बापाचा थर घासून काढताना तिचे डोळे भरून आले होते. आत अडकलेली वेल्डिंगची मळी तिने मोकळी केली, नवे थर चढवले, मुखवटा जागच्या जागी टांगला आणि मला राखेत निजवले.

सकाळी मिस्त्रींनी मला उपसून हातोडी मारली. मी खणखणले, पत्र्याचे छप्परही क्षणभर थरथरले. त्यांनी माझ्या टोकावरून अंगठा फिरवला. थरांच्या लाटा त्यांच्या लाटांहून बारीक होत्या. डोळ्यांना न दिसलेले अंगठ्याने वाचले.

"मीच भरली, बाबा," मुलगी म्हणाली. "रागावलात?"

मिस्त्रींचा अंगठा माझ्या टोकावरच राहिला. मित्रांनो, झिजलेले हत्यार फेकण्याआधी एकदा वाजवून पाहा. आणि झिजलेले माणूस गप्प झाले, तर त्याच्यावर लगेच पाणी ओतू नका; थोडी राख होऊन त्याच्याभोवती थांबा.

ती थांबली. मिस्त्रींनी खुंटीवरचा मुखवटा उतरवला, त्याची काच सदऱ्याच्या बाहीने पुसली, तो माझ्याशेजारी, तिच्या हाताशी ठेवला, आणि ते उन्हात चालू लागले.