फाटकापासून विहिरीपर्यंत

मित्रांनो, मी काही मोठा रस्ता नाही. माझ्या नावाची पाटी नाही, माझ्यावरून बस जात नाही. वसईकडच्या बोळिंज गावातल्या एका वाडीत, फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत गेलेला साठ पावलांचा जुना काँक्रीटचा रस्ता, एवढीच माझी ओळख. बरोबर मध्यावर विहीर आहे. माझं जे काही बरंवाईट झालं, ते त्या विहिरीपाशीच झालं.

वीस वर्षांपूर्वी जगन्नाथ राऊतांनी मला करून घेतलं, पण ते गाडीसाठी नव्हे. गाडी त्यांच्याकडे नव्हतीच, एक सायकल होती. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई लहानपणच्या आजाराने डाव्या पायाने अधू होत्या. विहिरीभोवती सोनचाफ्याची अकरा झाडं होती. रोज सकाळी त्या फुलं काढायच्या आणि परडी घेऊन फाटकाशी जायच्या; तिथून फुलं बाजाराला जायची. पावसाळ्यात वाडीत असा चिखल व्हायचा, की चप्पल आत रुतून राहायची आणि नुसता पाय वर यायचा. एका श्रावणात त्या परडीसकट घसरल्या. त्याच आठवड्यात जगन्नाथरावांनी नथू गवंड्याला बोलावलं.

"हिचा पाय कुठे अडखळता कामा नये," एवढंच ते म्हणाले.

पाऊस संपल्यावर नथूने काम धरलं. खालची माती धुमसाने ठोकून बसवली, त्यावर दगड रचले, वर खडी, मग मी. ओला असतानाच माझ्यावर त्याने नारळाचा खराटा आडवा फिरवला. गुळगुळीत केलं तर बाईंचा ओला पाय सरकेल, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. पुढचे पंधरा दिवस जगन्नाथराव विहिरीचं गोड पाणी काढून मला पाजत होते. मित्रांनो, काँक्रीट वाळून पक्कं होत नाही, पाणी पिऊन पक्कं होतं. त्या विहिरीचं पाणी माझ्या अंगात आहे.

नंतरची बारा-तेरा वर्षं सुखाची गेली. प्रेमलताबाईंची पावलं मी अंधारातही ओळखायचो, एक जड, एक हलकं. नात कृतिका माझ्यावरच सायकल शिकली. शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, "जगन्नाथ, असला रस्ता आम्हाला पण करून दे की!" जगन्नाथराव नथूकडे बोट दाखवायचे आणि नथू लाजायचा.

मग जगन्नाथराव गेले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाची, यतीनची, कंपनी बंद पडली. तोवर माडांच्या पलीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. आमच्या विहिरीला होतं. एके दिवशी फाटक काढून रुंद केलं गेलं आणि केविन नावाचा ड्रायव्हर विकायचं पाणी भरायला टँकर घेऊन विहिरीपर्यंत आला.

प्रेमलताबाई पायरीवर उभ्या होत्या. "यतीन, हा रस्ता माणसांच्या पायांसाठी केलाय."

"आई, दिवसाला दोनच ट्रिपा. आणि ती पण माणसंच आहेत ना? पाण्यावाचून राहतील का?"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून बाई वळून आत गेल्या.

दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. विहिरीजवळ मला पहिला तडा गेला तो केसाएवढा होता. यतीनने त्यात सिमेंटचं पाणी ओतलं. महिन्याभरात तो बोटाएवढा झाला, पुन्हा सिमेंट. वरून लिंपलेलं दिसायचं, पण टँकर भरताना पाईपातून गळणारं पाणी त्या फटीतून खाली उतरत होतं आणि नथूने ठोकून बसवलेली माती थोडी थोडी घेऊन जात होतं. मी आतून पोकळ होत होतो आणि ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात, सकाळी सातच्या सुमारास, प्रेमलताबाई परडी घेऊन फाटकाकडे निघाल्या. माझा एक तुकडा त्यांच्या वजनाने कलला. त्यांचा अधू पाय फटीत अडकला आणि त्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ज्या पायासाठी मला घातलं होतं, तो पाय मीच धरून पाडला. मित्रांनो, त्या सकाळची फुलं दिवसभर माझ्यावर तशीच पडून होती. कोणाला ती उचलायचं सुचलं नाही.

महिन्याने बाई वॉकर घेऊन घरी आल्या आणि माझ्या निकालाचा दिवस ठरला. एक ठेकेदार टेप घेऊन आला. सगळंच तोडा, दुप्पट जाड घाला, मग दहा टँकर नाचले तरी काही होणार नाही, असं सांगून गेला. यतीनला ते पटलं. पण बाई म्हणाल्या, "आधी नथूला दाखव."

नथू म्हातारा झाला होता. हातोडी घेऊन तो माझ्यावर उकिडवा बसला आणि फाटकापासून ठोकत, कान देत सरकत आला. विहिरीपर्यंत आवाज रिकाम्या मडक्यासारखा पोकळ आला. विहिरीपुढे घराकडे खणखणीत.

"वहिनी, घराकडचा शाबूत हाय. तो तोडू नका. फाटकाकडचा गेला. त्याला वरून कितीबी लिंपा, उपेग नाय. तो काढायचा आन नवा घालायचा."

"मग ठरलं तर," यतीन म्हणाला.

"ठरलं नाय. टँकर चालू ठेवशील तर नवा बी जाईल. यतीन, विहिरीचं पानी चाखलंस का तू एवढ्यात?"

घरात प्यायला जारचं पाणी येत होतं. यतीनने बादली सोडली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. पाणी खारं झालं होतं. एवढं उपसल्यावर जमिनीखालून जवळच्या खाडीचं पाणी आत यायला लागलं होतं.

"मला मार्चपासून कळलं होतं," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या. "चाफ्याची पानं कडेने करपायला लागली होती."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"मी बोलले होते, बाळा. पहिल्या दिवशी."

यतीन विहिरीच्या कठड्यावर बसला.  मग त्याने तिथूनच केविनला फोन केला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला.

बाईंना घरात वावरणं जड जात होतं, म्हणून मुलगी राधिका त्यांना वसईला एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या घरी घेऊन गेली. जाताना यतीन आणि नथूने त्यांना खुर्चीत बसवून माझ्या कडेकडेने, मातीतून फाटकापर्यंत नेलं. माझ्यावर पाय ठेवायचा आता कोणाला भरवसा नव्हता.

मग माझा अर्धा भाग फोडला. ते मी सांगत बसत नाही. नव्या कामाला पाणी लागणार होतं, पण नथूने विहिरीकडे बोट करून मान हलवली. "खाऱ्या पान्यात सिमेंट कालवायचं नाय." तेव्हा केविनचाच टँकर दुसऱ्या गावचं गोड पाणी घेऊन आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला.  "यतीनभाऊ, द्या इकडे, मी पण उचलतो," तो म्हणाला. दोघे कॅन भरून आणत होते. पुढचे पंधरा दिवस यतीन एकटाच त्या नव्या तुकड्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिला.

काम चांगलं झालं. जुना मी आणि नवा मी जिथे भेटतो, तिथे मुंगीसुद्धा अडखळत नाही. नथूने खराटाही फिरवला, पहिल्यासारखाच आडवा.

गेल्या महिन्यात राधिकाने आईला रिक्षाने आणलं. रिक्षा फाटकाशी थांबली. प्रेमलताबाई वॉकर टेकत माझ्यावरून निघाल्या, यतीन एका बाजूला, कृतिका दुसऱ्या. मी जीव मुठीत धरून होतो. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. विहिरीपाशी येऊन थांबल्या. अकरापैकी नऊ झाडं वाळून उभी होती. उरलेल्या दोन्हींवर पानं होती, फूल नव्हतं.

"आजी, रस्ता मस्त झालाय ना?" कृतिकाने विचारलं.

"झालाय गं. छान झालाय." बाईंनी एका वाळक्या खोडाला हात लावला. "पण आता सकाळी उठून मी या रस्त्यानं येऊ कशाला?"

 आणि घरापर्यंत न जाता त्या तिथूनच फाटकाकडे वळल्या.

मित्रांनो, मला दुरुस्त केलं, मला जपलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगायचं एवढंच की तुमच्या दारातल्या रस्त्याला, भिंतीला, विहिरीच्या कठड्याला केसाएवढा तडा दिसला, तर नुसतं सिमेंट आणायला धावू नका. तिथे घटकाभर बसा. घरातलं जे माणूस त्या वाटेने रोज चालतं, त्याला विचारा. आणि ते पहिल्या दिवशी जे सांगेल, ते पहिल्याच दिवशी ऐका.