तीन पानांची दूर्वा

माझा जळफळाट व्हायचा, अगदी उघड व्हायचा. का होऊ नये? पोटची पोर माझी आणि दिवसभर तोंडात नाव वरच्या मजल्यावरच्या क्षिप्राचं! "क्षिप्राआंटी ना, ऑफिसमध्ये कम्प्युटर चालवते. क्षिप्राआंटी ना, मायक्रोवेव्हमध्ये केक करते." सत्त्याण्णव साल होतं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत नुकतेच आलो होतो. क्षिप्रा मूळची नाशिकची, एकटी राहायची, सकाळी तिला न्यायला विदेशी कंपनीची गाडी यायची. माझी अकरा वर्षांची अर्पिता शाळेतून आली की बॅग फेकून थेट वर! मी पुण्याची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. पण बारा वर्षं पोळ्या लाटल्यावर त्या डिग्रीला कोण विचारतंय?

त्या वर्षी सोसायटीतल्या सात मराठी घरांनी मिळून क्लबहाउसमध्ये गणपती बसवायचं ठरवलं. दूर्वा आणायचं काम नेहमी माझं. सरोजिनी नगरात कधी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता मी. पण मीटिंगमध्ये अर्पिता टुणकन उठली आणि म्हणाली, "दूर्वा मी आणि क्षिप्राआंटी आणणार!" झालं. सगळे कौतुकानं "अच्छा, बिल्कुल बिल्कुल" म्हणाले. मी घरी येऊन भांडी आदळली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मोदकांचं सारण ढवळत होते, तेव्हा अर्पिता दारातून ओरडली, "मम्मी, दूर्वा म्हणजे कोणती गं?"

"तीन पानांची! बघून घे, जा. मला कामं आहेत." वर जायला वेळ आहे, घरात थांबायला नाही, हेही ऐकवलं. ती गेली.

सकाळी पूजा सांगायला सूर्यकांतकाका बसले. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, पोथीतलं एक अक्षर गाळायचे नाहीत. क्षिप्रानं ताट पुढे ठेवलं. लाल दोऱ्यानं बांधलेल्या एकवीस जुड्या, सगळ्या एका मापाच्या. "काय सुबक गं बाई!" बायका म्हणाल्या. मला राहवेना. मी एक जुडी उचलली, त्यातली एक काडी बोटांत फिरवली आणि बोटांना कडा लागल्या. एक, दोन, तीन. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"काका, थांबा! ह्या दूर्वा नाहीत. लव्हाळा आहे हा!"

मग मी थांबलेच नाही. "दूर्वेची काडी गोलसर असते, तिला पेरं असतात, बोट फिरवलं की गाठी लागतात. पानं दोन बाजूंना, एकाआड एक. ह्याला पेर आहे का कुठे? काडी बघा, तिकोनी. पानं तीन बाजूंना. आणि ह्या दोन-चार काड्या गोल आहेत, पण त्यांनाही पेर नाही, आत नुसता पांढरा भुसभुशीत गर. हे तर गवतही नाही आणि लव्हाळाही नाही, नाल्याकाठचं तिसरंच काहीतरी आहे! इतकंही ज्यांना कळत नाही, त्यांनी देवाच्या कामात लुडबुड करू नये."

क्षिप्राचा चेहरा लालबुंद झाला. "चुकलंच माझं, ताई," ती म्हणाली. "मला झाडापाल्यातलं खरंच काही कळत नाही." तिनं ताट उचललं आणि ती बाहेर गेली. अर्पिता तिच्या कुर्त्याचं टोक धरून मागोमाग.

मी मोठ्या तोऱ्यात लॉनवर गेले आणि दहा मिनिटांत ओंजळभर अस्सल दूर्वा खुडल्या. परत येताना पायऱ्यांशी रडण्याचा आवाज आला, म्हणून खांबाआड थांबले.

"तू का सॉरी म्हणालीस?" अर्पिता हुंदके देत होती. "तोडल्या तर मी होत्या. तू म्हणत होतीस ना, मम्मीला दाखवून घेऊ या? मीच म्हटलं, गरज नाही, मम्मीनं सांगितलंय, तीन पानांची. प्रत्येकीची पानं मोजली होती मी."

लव्हाळ्याच्या शेंड्याला, तुऱ्याखाली, तीनच पानं असतात. पोरीनं माझा शब्दन् शब्द पाळला होता.

"असू दे गं," क्षिप्रा म्हणाली. "आता आईकडून नीट शिकून घे. किती छान येतं तिला, बघितलंस ना?"

"नको. तू शीक तिच्याकडून, मग मला शिकव. ती सगळ्यांसमोर बोलते."

आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की माझ्या लेकीनं डोकं तिच्या खांद्यावर टेकलंय. आतून काका हाक मारत होते, "दूर्वा आल्या का?" आत जायची वाट त्या दोघींच्या समोरूनच होती, आणि माझा पाय उचलत नव्हता.