गडगडाटाचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. छपरावरचा नव्हे हं! नाटकात ढग गडगडायचे असले की विंगेत मला धरून हलवत. परळच्या एका नाट्यशाळेत माझी सगळी उमेदीची वर्षं गेली.

ती शाळा जहांआराबाईंनी काढली. बाई मूळच्या महाडच्या. बंद गिरणीच्या गोदामात त्या मुलांना अभिनय शिकवत. मला हलवून म्हणत, "आधी कान, मग पाय. तोंड सगळ्यात शेवटी." त्यांच्या हाताखाली भलेभले नट तयार झाले, आणि माझाही काय तोरा होता! पुढे मालिकांचं पेव फुटलं. झटपट हिरो व्हायचं म्हणून मुलं दुसरीकडे पळाली. गिरणीची जागा विकली गेली, शाळेला कुलूप लागलं आणि मी भिंतीशी गंजत पडलो. फार वाईट वाटलं.

पोलादपूरकडचा राजेश हा बाईंचा शेवटचा विद्यार्थी. त्याने मला एसटीच्या टपावर बांधून डोंगराखालच्या आपल्या वाडीत आणलं. गणपतीतल्या नाटकाची तालीम ओढ्यापलीकडच्या मराठी शाळेत चाले. मी हललो की आवाज पार वरच्या घरापर्यंत जाई. तिथे राजेशची आई, प्रयागबाई, म्हणे, "तालीम चाललीय. पोराला यायला येळ हाय." मग ती भात निखाऱ्यावर ठेवून वाट बघत बसे. सगळी वाडीच माझ्या आवाजाला सरावली. तेच वाईट झालं.

दोन हजार पाचचा जुलै. पाऊस थांबायचं नाव घेईना. झऱ्याचं पाणी लाल झालं, अंगणांना भेगा पडल्या. त्या संध्याकाळी राजेश तालमीसाठी शाळेत आला होता. मी दोरीवर गप्प टांगलेला होतो, आणि तरी गडगडाट झाला. लांबलचक, जमिनीतून आलेला.

राजेशने ओळखलं, हा डोंगराचा आवाज. बाहेर धावून "घरं सोडा" म्हणून ओरडू लागला, तर पहिल्याच ओटीवरून भिकाजी हसला. "तुझा पत्रा हाय रे. रोजचंच हाय."

तसा राजेश परत आला, मला उतरवलं आणि पावसातून दारोदार दाखवत सुटला. "ह्यो बघा पत्रा. माझ्या हातात गप हाय. मग वाजतंय काय?"

आता मात्र लोक हलले. भिकाजी नातीला काखोटीला मारून शाळेकडे पळाला. एकेक घर रिकामं होत गेलं. वरचं एकच उरलं. राजेश त्या पायवाटेला लागला, तोच डोंगर खाली आला. चिखल त्याच्या पावलांपुढे येऊन थांबला.

प्रयागबाई तालीम संपायची वाट बघत बसली होती.

मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा असं मी म्हणत नाही. गंजू द्या मला. पण रोजचाच आवाज आला, तरी उठून बघा तो कशाचा आहे. आणि लोकांना उठवायला निघालात, तर वरच्या घरापासून सुरुवात करा.